सुटलेल्या कार्यक्रमांचं लॉगबुक

सिंगापूरला मी बौद्ध धम्माचा अभ्यास करायला गेलो आणि पहिल्याच दिवशी नापास झालो. परीक्षा घेणारे प्राध्यापक नव्हते, घरमालक होते.

दृश्य असं. चाळिशीला टेकलेला, नांदेडच्या कॉलेजातून बिनपगारी रजा काढून आलेला, डोक्यावर केस कमी आणि पाठीवर पोरांसारखी सॅक, असा मी क्लेमेंटीतल्या एका फ्लॅटच्या दारात उभा. दार उघडलं सत्तरीच्या एका गृहस्थांनी. अंगात पांढरा बॉयलर सूट, मेकॅनिक घालतात तो. सिंगापूरच्या घामट हवेत, स्वतःच्या घरात, सकाळी दहा वाजता, गळ्यापर्यंत चेन ओढलेला बॉयलर सूट! वरच्या खिशात टॉर्च, मानेला पंचा. माझ्यामागे आगबिग लागलीय की काय म्हणून मी वळून पाहिलं.

"काय शिकायला आले?" त्यांनी विचारलं.

"बुद्धिस्ट स्टडीज. एम.ए."

त्यांचा चेहरा असा उजळला की टॉर्च फिका पडावा. "म्हणजे बौद्धाचार्य होऊन राहिले!"

आता, बौद्धाचार्य म्हणजे आमच्यातला लग्न, नामकरण, मृत्यूनंतरचं पुण्यानुमोदन असे विधी लावणारा घरसंसारी माणूस. त्याचा आणि एम.ए.चा काही संबंध नाही. मी ते नम्रपणे सांगितलं. आम्ही पाली शिकतो, शिलालेख वाचतो, जुन्या पोथ्यांमधले पाठभेद बघतो.

"लग्न लावता येते का?"

"नाही."

"नामकरण?"

"नाही. मी फक्त बघितलंय."

"मग तिथं शिकवते काय?" ते खिन्न होऊन म्हणाले. "नापास. पण खोली देतो. शिकशील हळूहळू."

सगळे त्यांना चीफ म्हणत. मूळचे नागपूरचे. मालवाहू जहाजांवर चीफ इंजिनियर म्हणून हयात गेली, निवृत्त झाल्यावर इथेच राहिले. बायको आठ वर्षांपूर्वी नागपूरला वारली. एकुलती एक मुलगी तांजोंग पगारच्या एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर होती आणि राहायला जुरोंग ईस्टला. एमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, नकाशात क्लेमेंटी आणि जुरोंग ईस्ट हे शेजारशेजारचे ठिपके. मध्ये एकही स्टेशन नाही. मी त्या घरात वर्षभर राहिलो आणि ती मुलगी तिथे एकदाही आली नाही.

घर म्हणजे इंजिनरूमच होती. दर चार तासांनी चीफ राउंडला निघत. उजव्या हाताची पाठ फ्रिजला लावायची, मग वॉशिंग मशीनला, मग भाताच्या कुकरला. "तळव्यानं नाही पाहायचं," ते म्हणत, "तळवा खोटं बोलते. हाताच्या पाठीला कळते बेअरिंग गरम झालं का." मी तिसऱ्या आठवड्यात तापानं फणफणलो तेव्हा हीच पाठ माझ्या कपाळाला लागली. "बेअरिंग गरम," असं जाहीर झालं, आणि पुढचे दोन दिवस दर चार तासांनी मला पेज पाजण्यात आली. घरापासून चार हजार किलोमीटरवर कुणी असं वेळेवर कपाळाला हात लावत असेल, तर तो कोणत्या बाजूनं लावतो याची तक्रार करू नये.

बाहेर जाताना जहाजावरची पाळी सोपवावी तसा वॉच हँडओव्हर करावा लागे. मी दारात बूट घालत उभा, ते समोर हाताची घडी घालून.

"गॅस?"

"बंद केला."

"दुतियम्पि."

"बंद केला, चीफ."

"ततियम्पि."

"बंद! बंद! बंद!"

"एकदाच सांग. ओव्हर होते."

हा त्यांचा खास शोध. त्रिशरण घेताना आपण एकच गोष्ट तीनदा म्हणतो. दुसऱ्या खेपेला आधी दुतियम्पि, म्हणजे दुसऱ्यांदाही, आणि तिसऱ्या खेपेला ततियम्पि. जहाजावरही म्हणे हुकूम परत म्हणून दाखवावा लागतो. चीफनी दोन्ही शिस्ती एकत्र केल्या होत्या. एकदा ऐकलेल्या गोष्टीवर त्यांचा विश्वासच नव्हता. खाली हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, कॉफी विकणाऱ्या चिनी अंकललाही ते "दुतियम्पि" म्हणत, आणि तो बिचारा "ओके लाह, सेकंड टाइम, नो शुगर" असं निमूट म्हणून दाखवी. पाली भाषेचा एवढा जिवंत वापर मला पाली शिकवणाऱ्या श्रीलंकन सरांनीही कधी पाहिला नसेल.

युनिव्हर्सिटीत माझी अवस्था वेगळीच होती. वर्गात बाविशीची पोरं आणि कोरियाचे दोन भिक्खू. पोरं मला सर म्हणत, भिक्खू बोलतच नसत. दुपारी लायब्ररीत बसून मी प्राचीन माणसांच्या दुःखाचं कारण शोधत असे आणि संध्याकाळी लेकीचा व्हॉट्सॲपवरचा आवाज परत परत ऐकत असे. सहा वर्षांची होती. एक दिवस बायकोनं फोटो पाठवला, पोरीचा पुढचा दात पडला होता. मी कौतुकानं चीफना फोटो दाखवला. त्यांनी फोटो पाहिला, चष्मा काढला आणि आतून एक जाडजूड वही आणली.

निळ्या पुठ्ठ्याचं लॉगबुक होतं. वर मराठीत ठळक लिहिलेलं: सुटलेले कार्यक्रम.

आत आडवे रकाने. तारीख, कार्यक्रम, गाव, आणि शेवटचा रकाना: मी कुठे होतो. धाकट्या बहिणीचं लग्न, भंडारा. मी कुठे होतो: सुएझच्या रांगेत, नांगर टाकून. वडिलांचं पुण्यानुमोदन, नागपूर. मी कुठे होतो: बिस्केचा उपसागर, तीन नंबर सिलिंडर उघडलेला. घराचा गृहप्रवेश. मी कुठे होतो: ब्राझील, सोयाबीन भरत होतो. पानंच्या पानं. अक्षर सुरेख, खाडाखोड नाही, कारणं द्यायचा प्रयत्न नाही.

त्यांनी मागचं कोरं पान उघडलं, वर माझं नाव घातलं आणि पेन माझ्या हातात दिलं. "लिही. मुलीचा पहिला दात पडला, नांदेड. तू कुठे होतास?"

मी लिहिलं: सिंगापूर, लायब्ररी.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा थंड जागा आहे."

माझी परीक्षा खरी सुरू झाली ती इथून. चीफचा बेत असा होता की घरात आता शिकलेला माणूस आलाय, तर सुटलेले कार्यक्रम एकेक करून पुरे करायचे. दर रविवारी एक. मी हातापाया पडलो, पण त्यांनी त्रिशरणासारखं तीनदा "करू" म्हणून टाकलं. शेवटी मी आईला फोन केला. माझी आई सातवी शिकलेली, तिला सगळे विधी तोंडपाठ.

"तू एवढा विमानात बसून तिकडं शिकायला गेलास," आई म्हणाली, "आणि मेणबत्ती आधी का अगरबत्ती आधी हे मला विचारतोस?"

अशा तऱ्हेनं चीफच्या बहिणीचं लग्न आम्ही चौतीस वर्षांनी पुन्हा लावलं. भिंतीवर नेहमीचे दोन फोटो, खाली पांढरं कापड, मेणबत्ती, टेक्का बाजारातून आणलेली फुलं. दोन खुर्च्यांवर नवरानवरीचे फोटो आणि मध्ये टेकवून ठेवलेला मोबाइल, त्यात भंडाऱ्याहून प्रत्यक्ष नवरी.

"दादा, डोस्कं फिरलं काय तुझं?" नवरी म्हणाली. "इकडे हे जेवून झोपले आहेत."

"उठव त्यांना. लग्न आहे."

जावईबापू बनियनवर येऊन बसले. मी गाथा म्हटल्या, आम्ही दोघांनी मोबाइलवर फुलं टाकली. कॅमेऱ्यावर एक पाकळी चिकटली आणि पुढचा अर्धा विवाह पिवळा दिसला. नवरी हसत होती. मग हसता हसता पदर डोळ्याला लावून म्हणाली, "दादा, तेव्हा मी गेटाकडेच पाहत होते रे." चीफ ताडकन उठून फ्रिजला हाताची पाठ लावायला गेले. बराच वेळ फ्रिजपाशीच होते.

एक प्रसंग सांगायलाच हवा, नाहीतर माणूस पुरा दिसणार नाही. चिनी पंचांगातल्या सातव्या महिन्यात मेलेली माणसं पृथ्वीवर फिरायला येतात असं तिथे मानतात. त्यांच्या करमणुकीसाठी बिल्डिंगच्या शेजारच्या मैदानात मंडप घालून गाण्याबजावण्याचे कार्यक्रम होतात. पहिली रांग मोकळी ठेवतात, ती आत्म्यांसाठी. जिवंतांनी मागे बसायचं. संध्याकाळी आम्ही फिरायला निघालो तर चीफ सरळ मंडपात शिरले आणि पहिल्या रांगेत, अगदी मधोमध, जाऊन बसले. बॉयलर सूटमध्ये! स्टेजवरची गाणारी बाई एक ओळ चुकली.

एक कार्यकर्ता धावत आला. "अंकल, कॅनॉट सिट हिअर लाह! रिझर्व्ह्ड!"

"आय नो," चीफ म्हणाले. "फॉर मी."

मी त्यांना दंडाला धरून, माफी मागत बाहेर आणलं. रागावलो सुद्धा. लोकांच्या श्रद्धेची अशी थट्टा करू नये, वगैरे. चीफ म्हणाले, "थट्टा काहून करीन? जहाजावरचा माणूस घरच्यांसाठी असाच राहते ना बे. खुर्ची ठेवलेली असते. माणूस दिसत नाही." आणि दुसऱ्या दिवशी त्या कार्यकर्त्याला संत्री नेऊन दिली.

रविवारमागून रविवार यादी कमी होत गेली. वडिलांचं झालं. बायकोचं पुण्यानुमोदन झालं. तिच्या नावापुढे शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं: सिंगापूर. नवव्या दिवशी पोचलो. सगळं मुलीनं एकटीनं केलं.

आणि मग उरली फक्त पहिली ओळ. सगळ्यात जुनी. मुलीचं नामकरण, नागपूर. मी कुठे होतो: हिंदी महासागर.

ही ओळ मागे का ठेवली होती ते हळूहळू कळलं. मुलगी झाल्याची तार जहाजावर पोचली तेव्हा चीफनी दोन रात्री जागून नाव शोधलं होतं आणि पुढच्या बंदरातून पत्रानं कळवलं होतं. पत्र पोचायला दीड महिना लागला. तोवर बौद्धाचार्य येऊन गेले होते, आईनं तिला आवडलेलं नाव ठेवलं होतं, खीर वाटून झाली होती. चीफनी ते कधी मान्यच केलं नाही. तीन-चार वर्षांतून सहा महिने घरी आले की ते पोरीला आपल्या नावानं हाक मारत, आणि पोर ओ देत नसे. सदतीस वर्षं हे युद्ध चालू होतं. दर शुक्रवारी फोन लागे, चीफ जहाजावरचं ते नाव घेत, पलीकडून "बाबा, दॅट इज नॉट माय नेम" येई आणि फोन बंद. एवढाच संवाद. मुलीचं खरं नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.

"बाकीच्या कार्यक्रमांना फोटो चालते," ते म्हणाले. "नामकरणाला बाळ समोर लागते."

म्हणून त्यांनी तिला मेसेज केला. रविवारी अकरा वाजता घरी ये, कार्यक्रम आहे. तिचं उत्तर आलं, "विल ट्राय." त्या दोन शब्दांवर चीफनी घर धुऊन काढलं. पंख्याची पाती पुसली. पांढरा शर्ट इस्त्री केला. पहिल्यांदाच त्यांना बॉयलर सूटशिवाय पाहिलं आणि ते मला एकदम लहान वाटले. मी खीर केली, आईच्या फोनवरच्या देखरेखीखाली. समोर तीन पाट. मधला तिचा.

मला मात्र धास्ती होती. बौद्धाचार्य म्हणून मी नाव जाहीर करणार म्हणजे काय? चीफच्या खिशात एक चिठ्ठी होती आणि तिच्यावर ते जहाजावरचं नाव असणार हे मला माहीत होतं. सदतीस वर्षांच्या बाईला बोलावून, मेणबत्त्या लावून, गाथा म्हणून, तिचं नाव काढून घ्यायचं! मी आडून सुचवून पाहिलं. चीफ म्हणाले, "आचार्य, तुम्ही पाली सांभाळा."

अकरा वाजले. साडेअकरा. चीफ राउंड मारत राहिले. बाराला फोन वाजला. "सॉरी बाबा, वर्क."

चीफ मधल्या पाटाकडे बघत बसले. मी मेणबत्ती विझवायला उठलो, तर म्हणाले, "राहू दे." मग, "तुझ्या त्या निबंधाचं काय झालं? कपिलवस्तूच्या?"

माझा प्रबंध बुद्धांच्या घरी परतण्यावर होता. जेवताना रोज त्यातलं थोडं थोडं त्यांना सांगावं लागे आणि ते जहाज तपासणाऱ्या सर्व्हेयरसारखे प्रश्न विचारत. पण इतकी वर्षं सोडून गेलेला माणूस परत आल्यावर घरात काय झालं, तो भाग त्यांनी कधी विचारला नव्हता.

"सगळे नगराबाहेर भेटायला गेले," मी सांगितलं. "यशोधरा गेली नाही. ती आपल्या खोलीत थांबली."

"दुतियम्पि."

"ती आली नाही, चीफ. म्हणाली, माझी काही किंमत असेल तर ते स्वतः येतील."

"ततियम्पि."

"ती आली नाही. ते गेले तिच्याकडे."

"राजगृहाहून किती लांब होतं?"

"साठ योजनं. रोज एक योजन, म्हणजे दोन महिने चालत."

चीफनी हिशेब केल्यासारखं छताकडे पाहिलं. "आमचं एक स्टेशन आहे," ते म्हणाले आणि उठून खिरीचा डबा बांधायला लागले.

पुढची मिरवणूक डोळ्यांसमोर आणा. पांढऱ्या शर्टातला म्हातारा, हातात स्टीलचा डबा. मागे मी, पिशवीत फुलं, मेणबत्ती, छोटी बुद्धमूर्ती आणि लॉगबुक. जुरोंग ईस्टला मुलीच्या काँडोच्या, म्हणजे तिच्या उंच इमारतीच्या, गेटवर सिक्युरिटीवाल्यानं रजिस्टर पुढे केलं.

"पर्पज ऑफ व्हिजिट?"

"नेमिंग सेरिमनी," चीफ म्हणाले.

त्याचा चेहरा मऊ झाला. "ओह, काँग्रॅट्स, अंकल! बेबी हाऊ ओल्ड?"

"थर्टी-सेव्हन."

"डेज?"

"इयर्स."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यानं वर फोन लावला, काहीतरी पुटपुटला, आणि मग रिसीव्हर कानाला लावून नुसताच उभा राहिला. चीफनी डबा या हातातून त्या हातात घेतला. शेवटी तो म्हणाला, "शी से गो अप... कॅन, कॅन. सिक्स्टीन्थ फ्लोअर, लिफ्ट बी."

दारापुढे आल्यावर चीफनी बेल वाजवली नाही. आधी हाताची पाठ दाराला लावली. "काय?" मी कुजबुजलो. "थंड," ते म्हणाले.

दार तिनंच उघडलं. केस वर बांधलेले, गळ्यात हेडफोन. आत टेबलावर खरंच लॅपटॉप उघडा होता. खोटं बोलली नव्हती. दाराची मूठ तिनं सोडली नाही.

"बाबा, काय आहे हे?"

"नामकरण."

"मला माझं नाव आहे."

"हाव," चीफ म्हणाले.

ते आत गेले नाहीत. उंबऱ्याबाहेर पायपुसण्यावर उभे राहिले. मला खूण केली. मी कॉरिडॉरच्या फरशीवर मूर्ती मांडली, मेणबत्ती लावली आणि आयुष्यात प्रथमच आईच्या मदतीशिवाय त्रिशरण, पंचशील म्हटलं. शेजारच्या दारातून एक चिनी आजी डोकावून गेली. मुलीचे ओठ हलत नव्हते, पण तिसऱ्या शीलाला तिनं हेडफोन गळ्यातून काढला हे मी पाहिलं. मग नाव जाहीर करायची वेळ आली. मी चिठ्ठीसाठी हात पुढे केला.

चीफनी चिठ्ठी काढलीच नाही. माझ्याकडे पाठ केली आणि तिच्या आईनं ठेवलेलं नाव घेतलं.

नाव अर्धंच ऐकू आलं. जिभेला सवय नसलेला शब्द परक्या देशातल्या स्टेशनाच्या नावासारखा जपून उच्चारावा, तसं म्हणाले ते.

मेणबत्तीला कॉरिडॉरमधला वारा लागत होता, मी हाताचा आडोसा धरला. मग ती, बापाच्या डोळ्यांत बघत, अगदी बापासारखी हाताची घडी घालून म्हणाली,

"दुतियम्पि."

चीफनी नाव पुन्हा घेतलं. आता मोठ्यानं.

"ततियम्पि," ती म्हणाली.

त्यांनी तिसऱ्यांदा नाव घेतलं. ती दारातून बाजूला झाली.

आम्ही तिच्याकडे पंचवीस मिनिटं होतो. चहा झाला. खीर तिनं उभ्यानं खाल्ली आणि "साखर जास्त आहे" म्हणाली. चीफनी तिच्या फ्रिजला हात लावून पाहिला, ती "बाबा, डोन्ट" म्हणाली. मग तिची मीटिंग सुरू झाली. पुढच्या रविवारचं कुणी काढलं नाही. डबा मात्र तिनं ठेवून घेतला.

परत येताना गाडीत जागा मिळाली. चीफ खिडकीकडे तोंड करून बसले. लॉगबुक मांडीवर, मिटलेलं. दोन-तीन मिनिटांत आपलं स्टेशन येणार म्हणून मी पिशव्या गोळा केल्या. गाडी थांबली, दारं उघडली.

"चीफ, क्लेमेंटी."

त्यांना ऐकू आलं नाही. ओठ हलत होते. मी वाकून पाहिलं. ते तिचं नाव पाठ करत होते.

मी दुसऱ्यांदा सांगितलं नाही. दारं बंद झाली आणि आम्ही तसेच पुढे गेलो.